सात पेड, एकोणीस तारा

आम्ही राहतो फ्लोरिडाच्या आखाती किनाऱ्यावर, आणि आमच्या गॅरेजमध्ये गाडीऐवजी दोन जणांचं ॲल्युमिनियमचं विमान आहे, अर्धंमुर्धं. अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलं, तर असं विमान ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणून नोंदवता येतं. रिव्हेटांचा मी फार विचार केला नाही. नकाशात होते ते ठोकले. अडलो केबलपाशी. शेपटीवरचा, पायानं चालणारा रडर आणि एलेव्हेटर हलवणारी ही केबल एक अष्टमांश इंच जाडीची, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर. सात पेड, प्रत्येकात एकोणीस तारा. नकाशाला गॅल्व्हनाइज्डही, म्हणजे साध्या पोलादावर जस्त चढवलेलीही, चालत होती आणि स्टेनलेसही.

मी आधी तुटण्याचे आकडे पाहिले. गॅल्व्हनाइज्ड २,००० पौंड, स्टेनलेस १,७६०. माझ्या पायात एवढा जोर कुठला! तेव्हा ताकदीवर निवड होणार नव्हती.

ईएए या हौशी विमानकर्त्यांच्या संघटनेचे एक स्वयंसेवक सल्लागार काम बघायला आले. आयुष्यभर विमानदुरुस्ती केलेले गृहस्थ. केबलकडे न बघता त्यांनी पुल्या मोजल्या. मला आजोळची विहीर आठवली: दोर झिजायचा तो कप्पीवरून जाणारा, बाकीचा नवा दिसायचा. केबलचंही तसंच. पुलीवर वाकून-सरळ होऊन आतल्या तारा एकेक तुटतात, आणि या बाबतीत गॅल्व्हनाइज्ड जास्त टिकते. स्टेनलेस जिंकते ती खाऱ्या हवेत. आमच्याकडे तर दाराच्या बिजागऱ्याही वर्षभरात तांबडं पाणी गाळतात.

आणखी एक गोष्ट होती उष्णतेची. ऊन लागलं की ॲल्युमिनियमचा सांगाडा पोलादापेक्षा जास्त वाढतो आणि केबल ताणली जाते. थंडीत ती सैल पडते. पाच मीटरच्या केबलला चाळीस अंशांच्या फरकात साध्या पोलादाशी दोनेक मिलिमीटरची तफावत पडते, स्टेनलेसशी त्याच्या जवळपास निम्मी. कडाक्याच्या थंडीच्या मिनेसोटात राहत असतो तर हाच मुद्दा मी वर ठेवला असता.

शेवटी रडरला स्टेनलेस घेतली, कारण ती जमिनीलगत जाते, पाणी साचतं तिथून, आणि वाटेत पुल्या कमी. एलेव्हेटरला गॅल्व्हनाइज्ड. सल्लागारांना हे फारसं रुचलं नाही; दोन प्रकारची केबल म्हणजे सुट्या भागांचा घोळ, असं त्यांचं म्हणणं. घोळ होतोच. केबलच्या टोकाचा फास पकडायला स्लीव्ह, म्हणजे छोटी नळी, दाबतात; स्टेनलेसला साधी तांब्याची स्लीव्ह चालत नाही, मुलामा दिलेलीच लागते, नाहीतर दोन धातूंच्या संगतीनं गंज धरतो. मी दोन डबे वेगवेगळे ठेवले, बायकोनं त्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहिली. प्रत्येक स्लीव्ह तीनदा दाबायची आणि मग गेज सरकवून बघायचं. गेज तीच सरकवते. माझ्या हाताला घाई असते.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी प्लास्टिक चढवलेली केबल मात्र फुकट दिली तरी नको. वार्षिक तपासणीत केबलवरून कापड फिरवतात. तुटलेली तार कापडाचा धागा ओढते. प्लास्टिकखाली ती सापडणार कशी? कापड फिरवता यावं यासाठीच मी एलेव्हेटरच्या प्रत्येक पुलीसमोर पत्र्याला एक झाकण वाढवलं, हात आत जाईल एवढं. त्यानं वजन थोडं वाढलं, पण ते मी आनंदानं सोसलं.