उपास, तेलकट चेहरा आणि आमची भाची

आमच्या वाशिमकडे उपास दोन तऱ्हांचा. एक आमच्या घरचा. एकादशीला सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर नि दाण्याची आमटी, चार वाजता बटाट्याचा चिवडा, रात्री पुन्हा खिचडी! 'एकादशी दुप्पट खाशी' उगाच नाही म्हणत. दुसरा कारंजा-शिरपूरच्या जैन घरांतला. पर्युषणातल्या उपासाला उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. बाकी काही नाही.

आता तिसरी तऱ्हा आलीय, आमच्या भाचीची. वय सोळा, चेहरा तेलकट, कपाळावर आणि हनुवटीवर मुरुमं. "मावशी, सोळा तास उपाशी राहिलं की पिंपल्स जातात," म्हणते. त्यासाठी सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण दोन्ही बंद. वजन आधीच जेमतेम, त्यात दोन महिने पाळी नाही. ताई रडकुंडीला आलीय.

पोरीचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही हं. त्वचेतल्या तैलग्रंथी इन्सुलिनचं ऐकतात. ते वाढलं की आयजीएफ-१ नावाचं संप्रेरक जोर धरतं, तेल जास्त सुटतं, छिद्रं बुजतात. १९७० साली अमेरिकेत लठ्ठ माणसांना बरेच दिवस पूर्ण उपाशी ठेवलं, तेव्हा त्यांच्या त्वचेचं तेल खरंच घटलं होतं. पण ते बरेच दिवसांचं उपाशीपण होतं. सोळा तासांच्या उपासाने मुरुमं जातात याला भक्कम पुरावा अजून तरी नाही. उलट २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या मुरुमं असलेल्या तरुणांना बारा आठवडे पोटभरच खायला दिलं, फक्त साखर वेगाने वाढवणारे पदार्थ कमी करून. त्यांची मुरुमं कमी झाली. (या हिशेबात आपली खिचडी कुठे बसते? साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च! असो.)

आपल्याकडे हे वेड आलं ते डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या 'दिवसातून दोनदाच जेवा, तेही ५५ मिनिटांत' या सल्ल्यातून. त्याचं मूळ डॉ. श्रीकांत जिचकारांचं, म्हणजे आपल्या विदर्भातलंच. पण तो सल्ला वजन आणि मधुमेहासाठी. शिवाय १८ वर्षांखालच्यांनी हे करू नये असं दीक्षितही सांगतात. भाचीने तेवढं वाक्य बरोब्बर गाळलं :)

मला खरी काळजी मुरुमांची नाहीच. चेहरा तेलकट, मुरुमं आणि पाळी अनियमित, हे एकत्र असलं तर पीसीओएस आहे का ते बघावं लागतं. पाळी नुसत्या उपाशी राहण्यानेही थांबते. यातलं काय ते डॉक्टरांनीच ठरवायचं. मुरुमांवर लावायची चांगली औषधं आहेत, फक्त दोन-तीन महिने धीर धरावा लागतो.

तर भाचीबाई (चोरून वाचतेस, ठाऊक आहे मला), सोमवारी ताईबरोबर आधी डॉक्टरांकडे. चहा-बिस्किटं आणि कोल्ड्रिंक खुशाल सोड. ज्वारीची भाकरी, वरण, भाजी मात्र दोन्ही वेळा. शाळेत चिडवणाऱ्या त्या पोट्ट्यांकडे मी बघते.