बावचीचं ऊन

पुण्याहून मिरजेला जाणाऱ्या गाडीतून खिडकीबाहेर पाहिलं, की रुळांलगतच्या भिंतींवर चुन्याने रंगवलेली ठसठशीत अक्षरं दिसायची: ‘पांढरे डाग? हमखास इलाज!’ खाली कुठल्या तरी लॉजचं नाव आणि भेटीचे वार. अशा जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा १९५४ मध्येच झाला होता. काही ठरावीक आजारांवर हमखास उपायाची जाहिरात करू नये म्हणून सरकारने जी यादी केली, तिच्यात कोडही होतं. पण भिंतींना कायदा वाचता येत नव्हता, आणि गरजू माणसांना तो कुणी वाचून दाखवला नाही. भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेला हा आजार घरात मात्र दबक्या आवाजातसुद्धा उच्चारला जात नसे.

आमच्या घरात तो धाकट्या आत्याच्या अंगावर होता. आधी घोट्याजवळ एक चट्टा, मग बोटांच्या टोकांवर, मग ओठाच्या कडेला. सत्तरच्या दशकातलं सांगलीकडचं मोठं एकत्र कुटुंब. तिथे चट्ट्याला औषध शोधण्याआधी दोषी शोधला गेला. कुणी म्हणालं, लहानपणी हिने दूध आणि मासे एकत्र खाल्ले असणार. कुणी म्हणालं, घराण्यात कुणीतरी नाग मारला असेल. आलेगेले पाहुणे पूर्वजन्मापर्यंत पोचायचे. आत्याचं ताक बंद झालं, लोणचं बंद झालं, चिंच-कोकम बंद झालं, मीठ मोजून मिळू लागलं. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी तिच्यासाठी वेगळं काढलेलं असे. तिचा कपही वेगळा होता. तो कुणी वेगळा केला हे कधीच कळलं नाही. तो आपोआप वेगळा झाला होता.

आणि तरीही त्या काळातली एक गोष्ट मला आजही मनापासून हवीशी वाटते. ती म्हणजे बावचीचं ऊन.

काष्ठौषधींच्या दुकानातून बावचीच्या काळसर, चपट्या बिया यायच्या. आजी त्या गोमूत्रात भिजवायची, सावलीत वाळवायची, मग खलबत्त्यात कुटून तेलात मुरवायची. त्या तेलाचा उग्र वास माजघरभर पसरायचा. आत्या एका काडीला कापूस गुंडाळून ते तेल चट्ट्यांवर लावायची. अगदी कडेच्या आत, कारण बाहेर गेलं की आजूबाजूची चांगली कातडी काळवंडायची. मग गच्चीवर बसायचं. पहिल्या दिवशी अगदी थोडा वेळ, मग रोज थोडा थोडा वाढवत. आजी शेजारी तांदूळ निवडत बसायची, आई मिरच्यांची देठं काढायची, आम्ही मुलं आठळ्या नाही तर चिंचोके खेळायचो. उन्हाची वेळ चुकू नये ही सगळ्या घराची जबाबदारी होती. एखाद्या दिवशी ऊन जास्त झालं की फोड यायचे, मग साजूक तूप लावून आठवडाभर उपचार थांबायचा. पण कधीतरी एखाद्या सकाळी आत्या मनगट पुढे करायची: पांढऱ्या चट्ट्यात, केसांच्या मुळाशी, मोहरीएवढे तपकिरी ठिपके उठलेले असायचे. “आले गं ठिपके!” आजी म्हणायची आणि त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली जायची.

पुढे आत्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे सोरालेनच्या गोळ्या मिळाल्या, आणि गोळी घेतल्यावर दोन तासांनी उन्हात बसायला सांगितलं. डोळ्यांसाठी काळा चष्मा सक्तीचा. गोळीने मळमळायचं, पण आजीला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं: दवाखान्यातही अखेर उन्हातच बसवतात!

हे नवल निराधार नव्हतं. बावचीच्या बियांतून सोरालेन हा घटक १९३३ मध्ये जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी वेगळा काढला होता. तिकडे इजिप्तमध्ये नाईलच्या काठी उगवणाऱ्या एका रानटी वनस्पतीच्या बिया खाऊन उन्हात बसायची जुनी रीत होती. त्या वनस्पतीतून सोरालेनच्याच कुळातला पदार्थ निघाला आणि कैरोच्या अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी १९४८ मध्ये कोडाच्या रुग्णांवर त्याचा उपयोग केल्याचं प्रसिद्ध केलं. १९७४ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या डॉक्टरांनी हाच पदार्थ आणि अतिनील किरणांचे दिवे एकत्र आणून सोरायसिसवर उपचार केले. ‘पुवा’ नावाची ती पद्धत मग जगभर गेली. औषध एकटं काही करत नाही आणि ऊनही एकटं पुरत नाही. सोरालेन पेशीतल्या डीएनएमध्ये शिरून बसतं आणि किरण पडले की तिथे घट्ट बांधलं जातं. त्याने कातडीतल्या रंगपेशींवर हल्ला करणाऱ्या पेशी थंडावतात आणि रंग देणाऱ्या त्या रंगपेशींना वाढायला वाव मिळतो. आत्याच्या मनगटावरचे ठिपके केसांच्या मुळाशीच का उठायचे, याचंही उत्तर मिळालं आहे: रंगपेशींचा राखीव साठा केसांच्या मुळांत असतो, तिथूनच त्या वर येऊन पसरतात. म्हणूनच जिथे केस नाहीत, त्या ओठांवर आणि बोटांच्या टोकांवर रंग परतणं सगळ्यात अवघड. आत्या बोटांसाठी स्वतःला कोसत राहिली, पथ्यात कुठे चुकले म्हणत राहिली. बोटांचा तो स्वभावच होता.

आता आजचं पाहा. आमच्या घरातल्या एका कॉलेजकन्येच्या पापणीवर दोनेक वर्षांपूर्वी पांढरा ठिपका दिसला. पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी खोलीत अंधार करून वुड्स लॅम्पच्या जांभळट प्रकाशात चेहरा पाहिला. त्या प्रकाशात कोडाचा भाग निळसर पांढरा उजळतो आणि साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कडाही कळतात. थायरॉइडची तपासणी सांगितली, कारण या दोन आजारांचं नातं आहे. मग समोर बसवून समजावलं: शरीराच्या संरक्षणासाठी असलेल्या टी-पेशी चुकून आपल्याच रंगपेशींवर हल्ला करतात. हा संसर्ग नाही, कुष्ठरोगाशी याचा काही संबंध नाही, दह्याने होत नाही, चिंचेने वाढत नाही. तिच्या आईने घाईघाईने पथ्य विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, “घरात जे शिजतं ते सगळं खाऊ दे.” ते वाक्य ऐकताना मला आत्याचं बंद झालेलं ताक आठवलं.

मुलीला सुरुवातीला लावायला टॅक्रोलिमसचं मलम आणि आठवड्यातून दोन-तीनदा प्रकाशाची पेटी. उभ्या नळ्यांनी वेढलेल्या त्या पेटीत ३११ नॅनोमीटरच्या आसपासचेच किरण असतात. सूर्यप्रकाशातला नेमका उपयोगी तेवढा तुकडा. हे अरुंद पट्ट्याचे दिवे १९८०च्या दशकात सोरायसिससाठी आले आणि १९९७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी ते कोडावरही गुणकारी असल्याचं दाखवलं. गोळी नाही, मळमळ नाही, दिवसभर काळा चष्मा नाही. लहान मुलांना आणि गरोदर बायकांनाही देता येतात. आजीने ज्या उन्हाचा अंदाज सावलीच्या लांबीवरून घेतला, ते आता यंत्रावर मोजून मिळतं.

त्यापुढची पायरी माझ्या पिढीला स्वप्नातही दिसली नसती. हल्ला करणाऱ्या टी-पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडतात, त्याच्या इशाऱ्यावर कातडीतून आणखी पेशींना बोलावणारे संदेश जातात आणि हा निरोप ‘जॅक’ नावाच्या प्रथिनांमार्फत पोचतो, हे संशोधकांनी टप्प्याटप्प्याने उलगडलं. मग तो निरोपच अडवायचा, असं ठरलं. त्यातून आलेल्या रुक्सोलिटिनिबच्या मलमाला अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये, १२ वर्षांवरच्या रुग्णांसाठी, मान्यता मिळाली. कोडात रंग परत आणण्यासाठी तिथे मान्य झालेलं हे पहिलं औषध. चाचण्यांत २४ आठवड्यांनी साधारण ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरचा तीन चतुर्थांश रंग परतला; वर्षभर लावल्यावर हे प्रमाण आणखी वाढलं. हा आकडा मी उत्साहाने सांगते, पण पुरताच सांगते: तो शंभर नाही. अशी नवी औषधं महाग असतात, त्यांचे धोके डॉक्टरांनी तोलायचे असतात, आणि उपचार थांबला की बरेचदा त्याच जागी डाग परततो. कारण कातडीत काही टी-पेशी जुनी आठवण धरून मुक्काम ठोकतात. त्या आठवणीलाच कसं पुसावं, यावर आज काम चालू आहे.

डाग बरेच महिने स्थिर असतील तर रंगपेशींचं रोपणही होतं. मांडीवरची छोटीशी पातळ कातडी घेऊन तिच्यातल्या पेशी सुट्या करतात आणि त्यांचं द्रावण कितीतरी मोठ्या डागावर पसरतात. सगळं एकाच दिवसात. या पद्धतीत आणि तिच्या निकालांच्या अभ्यासात डॉ. संजीव मुळेकर या आपल्याकडच्या डॉक्टरांचं काम जगभर उद्धृत होतं, याचा मला अभिमान वाटतो.

संशोधनाने आणखी एक काम केलं, ज्याबद्दल फार बोललं जात नाही. काही बायकांच्या कपाळावर नेमका टिकलीएवढाच पांढरा डाग उठायचा. नशिबावर बोट ठेवून लोक मोकळे व्हायचे. भारतीय डॉक्टरांनी टिकलीच्या मागचा गोंद तपासला आणि त्यातलं पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल हे रसायन रंगपेशींना मारतं हे दाखवलं. रबरी चपलांच्या पट्ट्याखाली उमटणाऱ्या डागांमागेही अशीच रसायनं निघाली. बायकांचं ताट तपासलं जात होतं, त्यांच्या सासरमाहेरचा इतिहास तपासला जात होता आणि गुन्हेगार कपाळावर चिकटून बसला होता!

चैत्राच्या तलखीतही आत्या लांब बाह्यांचं पोलकं घालायची. घरातल्या लग्नांच्या फोटोंमध्ये ती कुठेच नाही. फोटोग्राफर आला की तिला स्वयंपाकघरात हमखास काम निघायचं. आज पुण्याच्या श्वेता असोसिएशनसारख्या संस्थेत कोड असलेली माणसं एकत्र जमतात, मोकळेपणी बोलतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ मध्ये ‘नितळ’ हा चित्रपट केला आणि कोड असलेली तरुणी मराठी पडद्यावर नायिका म्हणून उभी राहिली. २५ जून हा जागतिक कोड दिन आता पाळला जातो. आमची कॉलेजकन्या पापणीसकट स्वतःचे फोटो बिनदिक्कत मित्रमैत्रिणींना पाठवते. सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. लग्न जुळवताना आजही डाग लपवले जातात आणि कळल्यावर बोलणी मोडतात. पण स्वयंपाकघरात लपण्याची सक्ती निदान काही घरांतून गेली आहे.

मग मला त्या काळाची ओढ का वाटते? विचार केल्यावर कळलं, की मला ओढ वाटते ती औषधाची नाही, सोबतीची. कोडाचा कुठलाही उपचार सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त चालतो आणि रंग इतक्या हळू येतो की माणूस मध्येच थकतो. पेटीच्या फेऱ्या बुडतात, मलमाची ट्यूब कपाटात वाळते. कितीतरी चांगले उपचार अर्ध्यावर सुटतात ते यामुळेच. आत्या थकली नाही, कारण तिचं ऊन हे अख्ख्या घराचं ऊन होतं. ज्या घराने तिला दोष दिला तेच घर रोज तिच्या शेजारी गच्चीवर बसत होतं. ही दोन्ही सत्यं मला एकदमच आठवतात आणि एकासाठी दुसरं मला विसरायचं नाही.

म्हणून त्या काळातून काय घ्यायचं आणि काय तिथेच ठेवायचं, हे मला आता पुरतं स्पष्ट झालं आहे. पथ्याचा जाच, वेगळा कप, पूर्वजन्माच्या गोष्टी तिथेच राहू देत. संशोधनाने त्यांना आधार ठेवलेला नाही. कोडाचं कारण कळणं हा मला निम्मा इलाज वाटतो, कारण ते कळलं त्या दिवशी माणसावरचा आळ उतरतो. आत्याचा आळ उतरायला अर्धशतक उशीर झाला. आज ज्यांच्या घरात नवा डाग दिसेल, त्यांना एवढा उशीर लागायचं कारण नाही. भिंतीवरच्या किंवा मोबाइलवरच्या हमखास इलाजाकडे न वळता पहिल्या काही महिन्यांतच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. लवकर सुरू केलेल्या उपचाराला रंग परतण्याची संधी जास्त असते. आणि डाग असलेल्या माणसाला प्रकाशाच्या पेटीबाहेरच्या बाकावर एकटं बसवू नका. तांदूळ निवडायचे राहिले असतील तर तेही तिथे घेऊन जा.