सुटलेला बिंडा

कृष्णाकाठच्या गावांत पोहायला शिकवायची रीत ठरलेली होती. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा नाहीतर वाळका भोपळा पोराच्या पाठीला बांधायचा आणि त्याला डोहात लोटून द्यायचे. पुढे बिंड्याच्या जागी हवाबंद डबा आला, प्लॅस्टिकचा कॅन आला, ट्रॅक्टरची ट्यूब आली. पण बिंडा सुटला की पोर शिकले, ही समजूत कायम राहिली. विशीत तर अंगाला काही बांधून नदीत उतरणे ही हसण्याची गोष्ट होती. ओळखीचा डोह, ताजे अंग आणि काठावर चार माणसे असताना त्यात फारसे चूकही नव्हते. आता चाळिशीत आलेल्या त्याच पिढीतले कितीतरी जण २०१२ पासून होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट पळून चढतात, गोव्याच्या आयर्नमॅनला जातात, आणि त्यातल्या काहींना धावणे, सायकल आणि कयाक एकत्र असलेल्या शर्यती खुणावू लागल्या आहेत. माझे म्हणणे असे, की या शर्यतींच्या तयारीत तो सुटलेला बिंडा लाइफ जॅकेटच्या रूपाने पुन्हा अंगावर चढवावा लागतो. सामानाची यादी तिथूनच सुरू झाली पाहिजे.

याचे कारण शर्यतीच्या क्रमात आहे. आयर्नमॅनसारख्या ट्रायथलॉनमध्ये पोहणे पहिले असते. माणूस पाण्यात उतरतो तेव्हा ताजा असतो. कयाकच्या शर्यतीत पाणी बहुधा मध्ये किंवा शेवटाकडे येते. न्यूझीलंडमध्ये १९८३ साली सुरू झालेली ‘कोस्ट टू कोस्ट’ ही या प्रकारची जुनी, नावाजलेली शर्यत. २४३ किलोमीटरच्या त्या वाटेत डोंगर आणि सायकल मिळून शंभरेक किलोमीटर झाल्यावर वायमाकारिरी नदीतले सुमारे ७० किलोमीटरचे वल्हवणे सुरू होते. म्हणून तिथे पळण्याचा वेग कोणी विचारत नाही, पण वाहत्या पाण्यात कयाक सांभाळता येते याचे प्रमाणपत्र असल्याशिवाय नदीत उतरू देत नाहीत. पोटरीत गोळा आलेला, बोटे आखडलेला आणि डोके बधिर झालेला माणूस पाण्यात काय करील, हे गृहीत धरूनच तो नियम केलेला आहे. शर्यतीच्या सामानालाही हीच कसोटी लावावी: आपले अंग साथ देईनासे झाले तरी जे काम करते, तेच आवश्यक, बाकी सगळी सोय.

आपल्याकडे अशी वाट कल्पायची तर साताऱ्यातून कासमार्गे बामणोलीला उतरावे आणि शिवसागर जलाशयात कयाक घालावी. सुमारे १०५ टीएमसी क्षमतेच्या कोयना धरणाचे हे पाणी सकाळी आरशासारखे असते. दुपारी वारा सुटला की उघड्या पात्रात लाटा उठतात आणि हलकी कयाक आडवी फिरू लागते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर चिखल उघडा पडतो, म्हणजे हवे तिथे उतरता येत नाही. पलीकडे वासोट्याच्या अंगाला अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे पाय ठेवता येत नाही. सांगलीकडची कृष्णा याहून वेगळी. होड्यांच्या शर्यतींनी गाजणाऱ्या या पात्रात बंधारे आहेत, जलपर्णी आहे, आणि भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली उलटे फिरते आणि त्यात सापडलेल्याला पुन्हा भिंतीकडे ओढते. तिथे जॅकेटचाही भरवसा नाही. कयाक उचलून काठाने चालत जाणे हाच उपाय. तेव्हा पाण्याची माहिती हेही सामानच, आणि ते कोणत्याही दुकानात मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आम्ही नदीकाठचे, आम्हाला जॅकेट कशाला? ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली. त्यात जीव गेले ते नदीकाठच्याच माणसांचे. पूर आणि शर्यत यांची बरोबरी करता येत नाही, पण नदीशी जन्माची ओळख असली म्हणून नदी सवलत देत नाही, एवढे त्यातून घ्यावे. दुसरे असे, की जॅकेटने हात अडकतात ही तक्रार प्रवासी बोटीतल्या जाड केशरी जॅकेटबद्दल खरी आहे. वल्हवणाऱ्याचे जॅकेट कमरेपर्यंत आखूड आणि बगलेत मोकळे असते. त्याची तरंगशक्ती साधारण ५० न्यूटन, म्हणजे सुमारे ५ किलो वजन उचलण्याइतकी. पाण्यात माणसाचे वजन मुळात फार थोडे उरते, म्हणून तेवढी पुरते. पट्टे बाजूने आवळून घ्यावेत आणि कोणाला तरी खांद्यापाशी धरून जॅकेट वर ओढायला सांगावे. ते कानांपर्यंत सरकले तर ते सैल आहे, आणि सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघते. शिटी त्याच जॅकेटला बांधलेली हवी, पिशवीत ठेवलेली नव्हे.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खोटा नाही. कार्बनचे वल्हे, परदेशी कयाक, हलकी सायकल अशी यादी पाहूनच गावाकडचा चांगला धावपटू मागे फिरतो. पण वरची कसोटी लावली की यादी आपोआप आटते. नीट बसणारे जॅकेट, शिटी, हेल्मेट, डोक्यावरचा दिवा, पाणी शिरणार नाही अशा पिशवीत कोरडे कपडे, ओआरएसची पाकिटे आणि खिशात गूळ-शेंगदाणे. सुती कपडे मात्र नकोत. ओले सूत अंगाची ऊब खाते, आणि थंडीतल्या सकाळी बामणोलीच्या काठावर ते चांगलेच कळते. कयाक भाड्याची चालते, सायकल मागून आणलेली चालते. महागडे सामान काही मिनिटे वाचवते, हे खरे. ती मिनिटे पहिल्या पाचात येणाऱ्यांच्या कामाची असतात.

राहिला शेवटचा आक्षेप: इतके सांभाळून उतरायचे तर साहस कुठे उरले? साहस घाट चढण्यात आहे, वाऱ्याविरुद्ध तासभर वल्हवण्यात आहे. बेसावधपणाला ते नाव देऊ नये. आणि नुसते जॅकेट घालून तयारी होत नाही. सायकलवरून उतरल्या उतरल्या कयाकमध्ये बसण्याचा, वल्हे दंडाने न ओढता कमरेतून वळून मारण्याचा आणि मुद्दाम उलटून पुन्हा वर चढण्याचा सराव हवा. तोही दमलेल्या अंगाने, सोबत कोणी असताना, काठाजवळ. शर्यत भरवणाऱ्यांनी प्रवेश देताना धावण्याच्या वेळेआधी उलटून पुन्हा वर चढणे ही एक गोष्ट करून दाखवायला सांगावी. आणि नाव नोंदवायला निघालेल्या वाचकाला एवढेच सांगणे: कयाक भाड्याने घ्या, जॅकेट मात्र स्वतःच्या मापाचे, स्वतःचे घ्या.