मत मागणाऱ्याला नाल्याचे विचारा

निवडणूक आली की आपल्या वस्तीत एकदम वर्दळ वाढते. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार पडतात, जोरात जयभीम होतो, विहारावर पत्रे टाकून देण्याचा शब्द दिला जातो. डिसेंबर २०२५ मध्ये साताऱ्याच्या नगरपालिकेची आणि जानेवारी २०२६ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची निवडणूक झाली. माझे माहेर सातारा, सासर सांगली. दोन्हीकडची जी पत्रके हाती आली ती जपून ठेवली आणि एकच गोष्ट ताडून पाहिली : नदी, नाला, कचरा आणि पूर यांबद्दल कोण काय म्हणतो?

माहेरच्या पत्रकांवर कासच्या फुलांचे चित्र होते. सोनगावच्या कचरा डेपोबद्दल मात्र ओळ नव्हती. सासरच्या पत्रकांत 'स्वच्छ कृष्णा' होती, पण शहराची घाण नदीत आणणाऱ्या शेरीनाल्याचे नाव नव्हते. आमच्या प्रभागातल्या एकाने बगीचा कबूल केला, दुसऱ्याने हजार झाडे. तिसरा आपल्या समाजातला, शिकलेला मुलगा. नाल्याकाठची घरे पुरात कुठे हलवायची, एवढे तरी तो बोलला. पैसा कुठून आणणार, ते सांगेना.

बायाबापड्यांना वाटते, पर्यावरण हा बंगलेवाल्यांचा विषय. तसे नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. त्याआधी २००५ ला महापूर आला होता, नंतर २०२१ ला पुन्हा आला. हवा तापत चालली तसा थोड्या वेळात धो धो पाऊस पडण्याचा प्रकार वाढतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. तो पाऊस जात विचारत नाही; पण सखल जागा कोणाच्या वाट्याला आली, हे जातीनेच ठरवले आहे. पाणी पहिल्यांदा आपल्या चुलीत शिरते. ओसरल्यावर कुजलेला गाळ उपसायलाही आपलीच माणसे, तीही कंत्राटावर.

महाबळेश्वरी निघालेली कृष्णा वाई, संगम माहुली करत कऱ्हाडला येते, तिथे कोयना मिळते आणि मग ती सांगलीत पोचते. माहेरी नदीत टाकलेले सासरी येते. म्हणून दोन्ही गावांना एकच प्रश्न विचारावा लागतो.

एक उमेदवार म्हणाले, "वहिनी, पूर धरणवाल्यांच्या हातात, आम्ही काय करणार?"

शेजारच्या आजी म्हणाल्या, "धरण त्यांचं, मग नाला कुणाच्या हातात रं बाळा?"

आजींचे बोलणे घटनेला धरून आहे. १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. साफसफाई, घनकचरा, झोपडपट्टी सुधारणा, पर्यावरणाचे रक्षण हे विषय तिच्यात नगरपालिकांसाठी नेमून दिलेले आहेत.

काही जण म्हणतात, आपला माणूस उभा आहे, त्याला कशाला अडचणीत आणता? ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरूने सांगितले आहे एवढ्यावरून मानू नका, तपासून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. गुरूलाही तपासायचे, तर उमेदवाराला का नाही? आपल्या माणसाला तर आधी विचारावे, कारण तो आपल्या नावावर मत मागतो.

आणि नुसत्या शब्दावर भुलू नये. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी लोकांना घेऊन तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा तो हक्क खरा झाला. ठराव म्हणजे पाणी नव्हे, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक?

भगिनींनो, मतदान झाले म्हणून पत्रके रद्दीत घालू नका. विहारात एक वही ठेवा. निवडून आलेल्याचा शब्द एका बाजूला, झालेले काम दुसऱ्या बाजूला लिहा. पावसाळ्याआधी नाला उपसला का? पूररेषेत नवी बांधकामे थांबली का? गाळ काढणाऱ्याला गमबूट, हातमोजे आणि पूर्ण मजुरी मिळाली का? दर पौर्णिमेला वंदनेनंतर ती वही मोठ्याने वाचा आणि नगरसेवकालाही ऐकायला बोलवा. पुढच्या वेळी मत कोणाला द्यायचे, ते वहीच सांगेल.