कुठेतरी कमी पडतो

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून चौथा दिवस. प्रस्तुत समीक्षक गॅलरीत उभा राहून आळीपाळीने एकेक डोळा मिटून बघत होता. दोरीवरचा सदरा डाव्या डोळ्याला बदामी दिसे, उजव्याला पांढराशुभ्र. हा कुठल्या रंगाचा घेतला होता, असं घरात विचारलं. ‘पांढरा. पाच वर्षं झाली त्याला,’ आतून उत्तर आलं. डोळ्यातलं भिंग पिकलं की निळा रंग अडतो आणि जग पिवळसर दिसतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. कात्रणांची फाइल काढायला मात्र कोणी सांगितलं नव्हतं. ती काढली. गेल्या तीन वर्षांत चार चित्रपटांच्या छायाचित्रणाला त्याने नावं ठेवली होती: पिवळट, मळकट, जुनाट आणि ‘हळदीच्या पाण्यातून काढलेलं’. ही शेवटची उपमा सुचली तेव्हा तो स्वतःवर जाम खूश झाला होता.

(प्रस्तुत समीक्षक, तो, त्याने असं का, तर ज्या वर्तमानपत्रात उमेदवारी झाली तिथे परीक्षणात ‘मी’ चालत नसे. तुला काय वाटलं ते राहू दे, चित्रपट कसा आहे ते सांग, अशी तंबी होती. बघणारा डोळा कोणाचा, हा प्रश्नच त्यामुळे तीस वर्षं पडला नाही. आता सवय जात नाही. शिवाय कबुली तृतीयपुरुषात दिली की जरा कमी बोचते.)

टुकार चित्रपटावर लिहायला सोपं असतं. मजकूर वेळेआधी तयार होतो आणि वाचकही मिटक्या मारत वाचतो. जीव खातो तो निराश करणारा चित्रपट. दिग्दर्शकाने आधी काहीतरी अस्सल करून दाखवलेलं असतं, पहिली वीस मिनिटं आपण खुर्चीत पुढे सरकून बसलेलो असतो, आणि तासाभराने मनगटावरच्या घड्याळाचे काटे अंधारात दिसतात का ते बघत असतो. अशा वेळी मराठी परीक्षणाच्या मदतीला एक शब्द धावून येतो: कुठेतरी. चित्रपट कुठेतरी कमी पडतो. कुठेतरी पकड सुटते. डेस्कवरच्या एका नव्या मुलीने त्याचा मजकूर एकदा परत पाठवला. समासात एवढंच लिहिलं होतं: ‘सर, कुठे?’ त्याला राग आला. मग त्याने ‘कुठेतरी’ काढून ‘उत्तरार्धात’ घातलं. हे म्हणजे पत्ता विचारल्यावर जिल्हा सांगण्यासारखं झालं.

पत्ता सापडत नाही, याला कारण आहे. ओल दिवाणखान्याच्या भिंतीला येते, गळती वरच्या मजल्यावरच्या मोरीत असते. प्रेक्षक ऐंशीव्या मिनिटाला कंटाळतो. पण आई आणि मुलगा यांच्यातलं भांडण विसाव्या मिनिटाला जरा लवकर मिटवून टाकलेलं असतं, आणि त्यानंतर कोणाचंच काही पणाला लागलेलं नसतं. ते विसावं मिनिट बघताना छान वाटलेलं असतं. वहीत त्याच्यापुढे बरोबरची खूणही केलेली असते. मग शुक्रवारी दुपारी, छपाईला चार तास उरलेले असताना, स्वतःच्याच खुणेविरुद्ध पुरावा गोळा करत बसायचं.

रॉजर एबर्टला असा पुरावा आयता मिळाला. 2003 साली कान महोत्सवात व्हिन्सेंट गॅलोचा ‘द ब्राउन बनी’ पाहून त्याने हा या महोत्सवाच्या इतिहासातला सर्वांत वाईट चित्रपट असल्याचं जाहीर केलं. दोघांचं जाहीर भांडण जुंपलं, अगदी शरीरावर घसरेपर्यंत. पुढे गॅलोने साधारण 26 मिनिटं कापली आणि 2004 मध्ये तोच चित्रपट एबर्टला आवडला. तसं त्याने लिहिलंही. म्हणजे ‘कुठेतरी’ त्या 26 मिनिटांत होतं! अशी कात्री दर शुक्रवारी लाभली असती तर या धंद्यात कोणी आंधळेपणाने बोललंच नसतं.

जो मॉर्गनस्टर्नची गोष्ट याच्या उलटी. ‘न्यूजवीक’मध्ये 1967 च्या ऑगस्टमध्ये त्याने ‘बॉनी अँड क्लाइड’ झोडपला. नंतर बायकोला घेऊन साध्या प्रेक्षकांत बसून तो पुन्हा पाहिला, आणि पुढच्याच आठवड्यात पहिलं परीक्षण चुकलं म्हणून दुसरं लिहिलं. चित्रपटाची एक फ्रेमही बदलली नव्हती. बदलली होती ती खुर्ची. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बॉस्ली क्राउदर त्याच चित्रपटावर पुन्हा पुन्हा तुटून पडत राहिले, सत्तावीस वर्षं सांभाळलेली जागा त्यांना काही महिन्यांत सोडावी लागली. तो चित्रपट उचलून धरणारी पॉलीन केल कुठलाही चित्रपट एकदाच पाहते, असं अभिमानाने सांगायची. प्रस्तुत समीक्षकानेही तिचं बघून काही वर्षं हा रुबाब केला. दुसऱ्यांदा बघायचंच नाही म्हटल्यावर चूक सापडायची भीती कसली?

निर्माते भांडायला आले की हमखास ‘शोले’ काढतात. 1975 च्या ऑगस्टमध्ये समीक्षकांनी नाकं मुरडली होती, पुढे मिनर्व्हात पाच वर्षं चालला, मग बोला. बोलायचं ते इतकंच, की त्या पहिल्या आठवड्यात खुद्द ‘शोले’ करणारेही घाबरले होते. जय मरतो म्हणून लोक नाराज असतील, शेवट पुन्हा चित्रित करून त्याला जगवू या, असं चाललं होतं. थोडं थांबू या म्हणून थांबले. नाहीतर गळती शोधताना शाबूत भिंत फुटली असती.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मराठी चित्रपटाच्या खास खेळाला दिग्दर्शक स्वतः दारात हात जोडून उभा असतो. ‘कसा वाटला?’ यावर तीन उत्तरं ठरलेली: ‘वेगळा आहे’, ‘मेहनत दिसते’, आणि अगदीच गळ्याशी आलं तर ‘कॅमेरा छान’. ‘आपलाच माणूस आहे, सांभाळून घ्या,’ असा फोन त्याआधीच आलेला असतो. हल्लीची मंडळी तर मध्यंतरातच मोबाइल उभा करून निकाल सांगून मोकळी होतात. केरळ उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राने 2024 साली सुचवलं होतं, की प्रदर्शनानंतर 48 तास परीक्षणं करूच नयेत. प्रस्तुत समीक्षकाला हा उपाय मुळीच पटला नाही. तिकीट मात्र पहिल्या तासापासून विकायचं, हे कसं? पण दोन दिवस जास्तीचे मिळाले असते तर, असं मनात येऊन गेलंच.

तसा बाबूराव पटेलांचा तो मनातून भक्त. ‘फिल्मइंडिया’ 1935 साली सुरू झालं आणि त्यात बाबूराव एकेका चित्रपटाला उभा-आडवा सोलत. पुढे त्यांनी स्वतः ‘द्रौपदी’ (1944) आणि ‘ग्वालन’ (1946) काढले. दोन्ही चालले नाहीत. त्याने निदान तेवढं धाडस केलं नाही.

धाडस वाक्यांत केलं. ‘या चित्रपटाला मध्यंतर आहे, हीच त्याची जमेची बाजू’ हे वाक्य एका लग्नात कोणीतरी त्यालाच ऐकवलं, आणि तो तीन दिवस तरंगत होता. त्याच परीक्षणात त्याने असंही लिहिलं होतं, की नायकाची बहीण मध्यंतरापूर्वी काही न सांगता गायब होते. पुढे चित्रपट टीव्हीवर लागला. बहीण गायब होत नाही. छोटासा प्रसंग आहे, ती बसच्या खिडकीतून हात करते. त्या वेळी तो मान खाली घालून, अंधारात, ते मध्यंतराचं वाक्य वहीत उतरवत होता. खुलासा छापू या का, असं त्याने विचारलं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही, राहू दे, असं ठरलं. राहू दिलं.

अरुण खोपकरांनी गुरुदत्तवरच्या पुस्तकात ‘कागज के फूल’सारख्या 1959 मध्ये आपटलेल्या चित्रपटाकडे पाहताना प्रकाश कुठून येतो, कॅमेरा कधी हलतो, हे बारकाईने दाखवलं आहे. त्यांच्याकडे ‘कुठे’ आहे. पण ते पुस्तक आलं 1985 साली. शुक्रवारच्या चार तासांत ते कसं जमवायचं, हे त्याला अजून सापडलेलं नाही.

परवा त्याने हळदीच्या पाण्याचा तो चित्रपट डावा डोळा मिटून पुन्हा पाहिला. पहाट निळी होती. स्वयंपाकघरातल्या भिंती राखाडी होत्या, आणि त्यांच्यावर सरकणारा उजेड कोणीतरी फार प्रेमाने लावलेला होता. उत्तरार्ध मात्र तसाच रेंगाळला. त्याने मागे जाऊन वेळ टिपत शोध घेतला. एकतिसाव्या मिनिटाला वडील पत्र न वाचताच खिशात ठेवतात, तिथे असावं. किंवा त्याच्याही आधी. तीन वेळा बघून वहीत दोन प्रश्नचिन्हं झाली. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. नेमका शुक्रवार.