पळणाऱ्यांची श्रद्धा

धावणे ही गोष्ट आपल्या पोक्त मंडळींना कधी फारशी मानवलेली नाही. धावतो तो एक तर चोर असतो, नाही तर गाडी सुटत आलेला गृहस्थ! चालण्याला मात्र आपल्याकडे केवढा मान! पंढरीला चालत जावे, तुळजापूरला चालत जावे. आमची कुंभारी तर सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यावरच. स्वामींच्या दर्शनाला पायी निघालेल्यांना घोटभर पाणी दिले की आपल्यालाही थोडे पुण्य लागते, असे आम्ही मानतो.

त्याच रस्त्याने पहाटे मुले-मुलीही धावतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. यातल्या कितीतरी जणी विडी कामगारांच्या लेकी. गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत २००६ सालापासून इथे आहे. आया पाने कातरतात, तंबाखू भरतात, दोरा बांधतात आणि मजुरी हजारावर मोजतात. लेकी सेकंद मोजतात.

ओळखीच्या एका अक्कांची मुलगी गेल्या भरतीत दोन गुणांनी राहिली. अक्का म्हणाल्या, “सिद्धेश्वराला नवस बोलले होते. पोरीनं उपास केले. मग श्रद्धेचा उपयोग काय झाला हो, ताई?”

मी त्यांना अविनाश साबळेची हकीकत सांगितली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्याचे गाव. शाळा सहा किलोमीटरवर, गाडीघोडा नाही. तेव्हा पाय हेच वाहन. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये गेला आणि सियाचेनच्या बर्फात राहून आला. पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला ३००० मीटरच्या स्टीपलचेसकडे वळवले. या शर्यतीत तीन-तीन फुटांचे अठ्ठावीस अडसर आणि पाण्यावरच्या सात उड्या. म्हणजे देवाने वाटेत ठेवलेल्या अडचणी कमी पडल्या, म्हणून माणसाने आणखी पस्तीस मांडून ठेवल्या!

२०१९ साली दोहा येथे पुढे पडलेल्या धावपटूंमुळे त्याची वाट अडली. दाद मागितल्यावर अंतिम फेरीत जागा मिळाली, आणि तिथे त्याने नवा राष्ट्रीय विक्रम केला; क्रमांक मात्र तेरावा. १९९८ पासून २०१८ पर्यंत राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाने नेली होती. २०२२ साली बर्मिंगहॅमला साबळेने त्यांतले रौप्य ओढून आणले. सोने हुकले ते एका सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याने! २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ते सोने मिळाले. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी, क्रमांक अकरावा. आणि जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला पाण्याच्या उडीवर तो पडला, गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली.

याच पॅरिसमध्ये बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १९२४ साली, स्कॉटलंडच्या एरिक लिडेलने १०० मीटरची शर्यत सोडली होती. कारण तिची प्राथमिक फेरी रविवारी होती आणि रविवार देवाचा. त्याऐवजी तो ४०० मीटर धावला आणि जिंकला. ही गोष्ट जग आवडीने सांगते, कारण शेवटी सुवर्णपदक आहे. पण तोच लिडेल पुढे धर्मकार्यासाठी चीनला गेला आणि १९४५ साली जपान्यांच्या बंदिछावणीत वारला. तिथे कोणते पदक होते? तरी श्रद्धा तीच होती.

“तेव्हा अक्का,” मी म्हटले, “श्रद्धा म्हणजे देवाशी केलेला सौदा नव्हे. अकरावा आल्यावरही दुसऱ्या दिवशी बुटांची नाडी बांधायची, ती श्रद्धा.”

अक्कांनी सुपातली विडी बांधून पुरी केली. मग म्हणाल्या, “खरं आहे. पण त्याच्या पाठीशी फौज आहे, ताई. माझ्या पोरीचा गुडघा गेला तर? तिच्या बुटाला तळ उरला नाही. नाडी कशाला बांधायची?”

या प्रश्नाला माझ्याजवळ तत्त्वज्ञान नव्हते. श्रद्धा ज्याची त्याने सांभाळावी, हे ठीक. पण बूट, दूध आणि धावायला धड मैदान या गोष्टी केवळ श्रद्धेने येत नाहीत. त्या कुणीतरी आणून द्याव्या लागतात.

आमच्या दिवाळीच्या यादीत यंदा चकलीच्या भाजणीखाली बुटांचा एक जोड लिहिला आहे. माप अक्कांनी दिले.