कमरेला काय बांधलंयस?

पहाटे पळायला जाणाऱ्यांची तयारी ठरलेली असते. शूज, पाण्याची बाटली, घराची किल्ली, मोबाइल, कानात आवडती गाणी. मुलगी असाल तर पेपर स्प्रेची भर. अमेरिकेत, टेक्ससमधल्या ऑस्टिनला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या यादीत आणखी एक आयटम आहे. पिस्तूल. भरलेलं!

सदाशिव पेठेत वाढलेली, झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी आमची ताई. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मी तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा हे प्रकरण कळलं. तिथे ऑक्टोबरात सूर्य उगवतो साडेसातला आणि ताईचं ऑफिस आठला. म्हणजे पळायचं तर अंधारातच. लेडी बर्ड लेकभोवतीची साधारण 16 किलोमीटरची वाट दिवसा दृष्ट लागण्यासारखी, पण पहाटे काही वळणांवर चिटपाखरू नसतं. त्यात 2022 च्या सप्टेंबरमध्ये मेम्फिस शहरात पहाटे पळायला गेलेल्या एका शिक्षिकेचं अपहरण झालं, खून झाला. ती बातमी ताईच्या डोक्यातून जाईना.

टेक्ससमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या, कायद्याने मनाई नसलेल्या व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. मात्र ताई एच-वन-बी व्हिसावर होती तोवर तिला ते घेता आलं नसतं. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले, तर तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायदा बंदूक ठेवू देत नाही. ग्रीन कार्ड आल्यावर तो अडसर गेला.

तरीही तिने परवाना काढलाच. कारण मजेशीर आहे. तिच्या पळण्याच्या वाटेवर शाळा आहे, आणि शाळेपासून 1000 फुटांच्या आत पिस्तूल घेऊन फिरायचं तर केंद्रीय कायद्यानुसार राज्याचा परवाना हवा. मग चार-सहा तासांचा क्लास, लेखी परीक्षा आणि 3, 7 व 15 यार्डांवरून मिळून 50 गोळ्यांची नेमबाजी.

मला वाटलं होतं, पट्टा बांधला की झालं. कसलं काय! नुसत्या इलॅस्टिकच्या पट्ट्यात पिस्तूल खोचणं धोक्याचं, आत ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक कव्हर हवंच. ते हलता कामा नये, पळताना टी-शर्टखाली दिसता कामा नये. हातातल्या पाउचमध्ये नको, कारण पाउच हिसकावला की पिस्तूलही गेलं. घामाने लोखंड गंजतं, म्हणून घरी आल्यावर आंघोळीआधी पिस्तुलाची पुसापुशी. मग ते लॉकरमध्ये. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे, आणि लहान मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं हत्यार ठेवणं टेक्ससमध्येही गुन्हा आहे.

इयरफोन तर कायमचे बंद. अमेरिकेत पोलिस प्रशिक्षणात 1983 पासून एक हिशेब प्रसिद्ध आहे : चाकूवाला माणूस 21 फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. धापा टाकणाऱ्या बाईने तेवढ्यात टी-शर्ट वर करून पिस्तूल काढायचं? म्हणजे मागून येणारा वेळेत कळला नाही, तर कमरेवर फक्त वजन.

मला सगळ्यात भिडली ती मात्र वेगळीच गोष्ट. एके दिवशी पुलावर एक सायकलवाला आम्हाला जवळजवळ घासून गेला आणि वर शिव्या देऊन गेला. मी पुणेरी उत्तर तयारच ठेवलं होतं. ताईने माझा दंड धरला आणि त्याला चक्क ‘सॉरी’ म्हणाली.

‘‘अगं, चूक त्याची होती!’’

‘‘असू दे. हे कमरेला असलं की भांडायचा हक्क गेला. माझं प्रत्येक भांडण बंदुकीचं भांडण होऊ शकतं.’’

रात्री जेवताना भाऊजींनी दुसरी बाजू मांडली. फेब्रुवारी 2020 मध्ये जॉर्जिया राज्यात अहमाद आर्बेरी हा 25 वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पळत होता. तीन गोऱ्या माणसांना तो चोर वाटला. त्यांनी गाड्यांनी पाठलाग केला आणि त्यातल्या एकाने त्याला गोळी घातली. नोव्हेंबर 2021 मध्ये तिघेही खुनाचे दोषी ठरले. ‘‘त्या लोकांनाही आपण स्वसंरक्षण करतोय असंच वाटत होतं,’’ भाऊजी म्हणाले. ‘‘आणि अंधारात आपण दोघं गोरे दिसत नाही.’’ ताई काहीच बोलली नाही.

आपल्याकडे हा प्रश्नच जवळजवळ येत नाही. शस्त्र कायदा 1959 चा, पिस्तुलाला परवाना सक्तीचा, आणि ‘मी टेकडीवर पळते’ एवढ्या कारणावर तो मिळणं कठीण. जानेवारी 2014 मध्ये कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने खास महिलांसाठी ‘निर्भीक’ नावाचं अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर काढलं होतं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. किती पगारांत बसतं ते? आपला आधार पेपर स्प्रे. त्याला परवाना लागत नाही, पण तोही गंमत म्हणून मारायचा नाही. खरा धोका नसताना तो वापरल्याच्या आरोपावरून दाखल झालेला गुन्हा रद्द करायला कर्नाटक उच्च न्यायालयाने 2024 मध्ये नकार दिला.

खरं सांगू? मला ताईचा हेवा वाटला. वेताळ टेकडीवर पहाटे पाचला एकटीने जायचं माझं धाडस नाही, आणि ती तिथे अंधारात एकटी पळते. पण शेजारी पळताना दिसत होतं, ती पळण्यात हरवत नाही. प्रत्येक झुडूप बघते, प्रत्येक पाऊल ऐकते. आणि गंमत म्हणजे यातलं बरंचसं आपल्याला आयांनी फुकटात शिकवलेलं असतं : रोज एकच रस्ता नको, घरी सांगून जा, मागे कोण आहे बघ. मी तर डोकं रिकामं करायला पळते. तेवढी पहारेदारी करून मोकळेपणा मिळणार असेल, तर मला तो महागात पडेल. तिला परवडतो, कारण दुसरा पर्याय न पळण्याचा होता. तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. ऑफिसातल्या तीन जणी आता मंगळवार-गुरुवारी तिच्यासोबत पळतात. गप्पा इतक्या होतात म्हणे, की वेग पार कमी झालाय.

‘‘आणि ते?’’ मी विचारलं.

‘‘त्या दोन दिवशी लॉकरमध्येच असतं,’’ ती म्हणाली. ‘‘पोट किती हलकं वाटतं माहितीये?’’